यामाबुकीची त्सुबा : कामाच्या नोंदी

१४ एप्रिल

ठरलं. जपानी पद्धतीची एक त्सुबा घडवायची. आपल्या तलवारीच्या मुठीला परज असते, तेच काम करणारी ही चकती. मूठ आणि पातं यांच्या मधे बसते, हात पात्यावर घसरू देत नाही. आकार तळहातात मावेल एवढा. मधोमध पातं जाण्यासाठी उभट भोक, दोन्ही बाजूंना आणखी दोन लहान भोकं, आणि उरलेल्या जागेत कारागिराला जे सांगायचं ते. जागा किती? माझ्या मापाने जेमतेम दोन-अडीच बोटं रुंदीची एक कड.

गेल्या नोव्हेंबरात टोकियोत र्योगोकूच्या तलवार संग्रहालयात एक अख्खी दुपार काढली. पाती पाहायला म्हणून गेले होते, खिळून राहिले ती त्सुबांपाशी. परत आल्यावर वही उघडली तर सगळीकडे एवढंच लिहिलेलं : ‘शेवंती, सुंदर’, ‘बांबू, सुंदर’, ‘कुठलं तरी गवत, फार सुंदर’. पानंफुलं ओळखली होती, ती तिथं का आहेत हे कळलं नव्हतं. बारा वर्षं दागिन्यांवर पानंफुलंच कोरते आहे, त्यामुळे हे जास्त लागलं.

म्हणून या कामाला एकच अट. वनस्पती एकच घ्यायची, आणि ती तिथं का आहे हे मला सांगता आलं पाहिजे.

१८ एप्रिल

शेवंतीपासून सुरुवात केली. जपानीत किकू. वहीत सगळ्यात जास्त वेळा तीच होती.

सम्राट गो-तोबाला ही फुलं प्रिय. त्याची कारकीर्द ११८३ ते ११९८. गादी सोडल्यावर त्याने नामांकित लोहार दरबारी बोलावून पाती घडवून घेतली, स्वतःही घडवली असं परंपरा सांगते, आणि त्या पात्यांवर शेवंतीची खूण उमटली. पुढे सोळा पाकळ्यांची शेवंती राजघराण्याचं चिन्ह झाली आणि १८६९ मध्ये इतरांच्या वापरावर सरकारनं बंधन घातलं.

पण त्सुबांवर दिसते ती शेवंती दर वेळी राजाची नसते. नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीचा सण, तेव्हा फुलं घातलेली साके पितात, दीर्घायुष्यासाठी. वाहत्या पाण्यावर अर्धं फूल तरंगताना दिसलं की ते ‘किकुसुई’. ते कुसुनोकी मासाशिगे या सम्राटनिष्ठ योद्ध्याचं चिन्ह. आणि तेच फूल-पाणी एका मुलाच्या कथेचंही. डोंगरात हद्दपार झालेला हा मुलगा शेवंतीच्या पानांवरचं दव पिऊन सातशे वर्षं मूलच राहिला.

फूल तेच. शेजारी पाणी आलं की अर्थ हलला. हे लक्षात ठेवायचं.

शेवंती मात्र घेणार नाही. राजचिन्हाची सावली फार गडद आहे.

२१ एप्रिल

आज तिघांची भेट झाली आणि तिघं एकाच वाटेनं आले, ती वाट म्हणजे उच्चार.

पहिलं वांगं. तलवारीच्या साजावर चक्क वांगी असतात, देठासकट, तुकतुकीत. वांगं म्हणजे ‘नासु’ किंवा ‘नासुबी’, आणि ‘नासु’ म्हणजे साध्य करणं. नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा आणि वांगं दिसणं शुभ मानतात, तेही याच क्रमाने. शाकुदो नावाचा मिश्रधातू, म्हणजे तांब्यात काही टक्के सोनं, रंग चढवल्यावर जांभळट काळा होतो. वांग्याला याहून योग्य धातू सापडणं कठीण.

दुसरी शोबू, वेखंडासारखी लांब पात्यांची वनस्पती. याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे शौर्याचा आदर. पाचव्या महिन्याच्या पंचमीला, मुलांच्या सणाला, हीच पानं घरोघरी लावतात. पान तलवारीसारखं दिसतं ही जोडीला आणखी एक गोष्ट.

तिसरी ओमोदाका. भातखाचरात, पाणथळीत उगवणारी, बाणाच्या टोकासारख्या पानांची. हिला ‘काची-गुसा’, जिंकणारं गवत, असंही म्हणतात. हिची वाट खरं तर उच्चाराची नाही, आकाराची. तरी तिघांत बसवते, कारण तिन्ही योद्ध्याला शुभ बोलणाऱ्या.

भात लावताना जे तण म्हणून उपटायचं, ते कंबरेच्या तलवारीवर मिरवायचं! ओमोदाका मनात राहिली आहे.

२५ एप्रिल

सिंह आणि पिओनी. जपानीत कराशिशी आणि बोतान. ही जोडी इतक्या ठिकाणी दिसते की नजर पुढे सरकते. आज थांबून शोधलं.

सिंह कोणालाही भीत नाही. त्याला भय एकाच गोष्टीचं, स्वतःच्या अंगात वाढणाऱ्या किड्याचं. तो किडा मरतो फक्त पिओनीवरून ओघळणाऱ्या दवानं. म्हणून सिंह रात्री पिओनीखाली झोपतो. ‘सिंहाच्या अंगातला किडा’ ही जपानीत म्हणच आहे, आपण ज्याला अस्तनीतला निखारा म्हणतो त्यासाठी.

हे वाचल्यापासून ती जोडी मला शोभेची दिसत नाही. झोपायला जागा शोधणारा बलवान प्राणी दिसतो. आणि फूल एकटं असलं तरी सिंह जवळच कुठेतरी असणार, असं वाटत राहतं.

एकट्या पिओनीवरून योकोया सोमिन आठवणं भाग आहे (१६७० ते १७३३, एदो म्हणजे आजचं टोकियो). छिन्नी तिरकी धरून कोरायचं ‘काताकिरी’ तंत्र त्याने नावारूपाला आणलं. रेषेची एक बाजू खोल आणि उभी, दुसरी उताराची. त्यामुळे धातूवर कुंचल्याचा फटकारा मारल्यासारखा दिसतो, जाड सुरू होऊन निमुळता होत जाणारा. त्याची एका फुलाची पिओनी मुठीवर बसवायच्या लहान तुकड्यावर आहे, आणि तिच्याबद्दलच्या आख्यायिका अजून सांगतात.

काताकिरी शिकायचंच. वनस्पती कुठलीही ठरो, पानं या पद्धतीनं कोरणार.

२९ एप्रिल

संध्याकाळी सेन्सेईंकडे गेले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे जपानी शिकले. मी विषय काढला तशी त्यांनी आत जाऊन सुट्ट्या नाण्यांची वाटी आणली आणि माझ्यासमोर ओतली.

“वाच,” म्हणाल्या.

एक येन : कोवळं रोप. पाच येन : भाताची वाकलेली लोंबी. दहा येन : मंदिर, आणि उलट्या बाजूला सदाहरित पानांचा वेढा. पन्नास : शेवंती. शंभर : साकुरा, म्हणजे चेरीचं फूल. पाचशे : किरीची पानं आणि फुलोरा, मागे बांबू आणि ताचिबाना हे लिंबूवर्गीय फळ. एकही नाणं झाडाशिवाय नाही, आणि एकावरही माणसाचा चेहरा नाही.

किरीवर आम्ही बराच वेळ होतो. कल्पित होओ पक्षी उतरतो तो किरीवरच, म्हणून ते झाड राजयोग्य. सोळाव्या शतकातला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानं हेच चिन्ह मिरवलं, आजही जपान सरकारची मुद्रा तीच.

मला त्यावरून कानो नात्सुओ आठवला. जन्म १८२८, क्योतो. तलवारीचा साज घडवणारा. मेजी काळात नवी नाणी निघाली तेव्हा त्यांच्या नमुन्यांचं काम त्याच्याकडे आलं. १८७६ मध्ये तलवार बांधून फिरण्यावर बंदी आली आणि एका हुकुमानं त्सुबाकारांचा रोजगार बुडाला. तो टिकून राहिला. टोकियोच्या नव्या कलाशाळेत शिकवू लागला, १८९० मध्ये राजघराण्याच्या पहिल्या सन्मानित कलाकारांत निवडला गेला. बाकीचे कितीतरी हात फुलदाण्या आणि धूपपात्रांकडे वळले. त्या वस्तू परदेशी प्रदर्शनांत गाजल्या, पण त्यांच्यामागे बाजार बदलल्याची घाई होती, ती कधीकधी दिसते. त्सुबेवर एक फूल पुरे होतं. निर्यातीच्या फुलदाणीवर बाग लागते.

३ मे

यामाबुकी.

सेन्सेईंनी फोनवर गोष्ट सांगितली आणि शोध तिथंच संपला. झुडूप, वसंतात सोनपिवळी फुलं येणारं. गोष्ट ओता दोकानची. एदोचा किल्ला १४५७ मध्ये बांधणारा हाच. तरुणपणी ससाणा घेऊन शिकारीला गेला असता पाऊस आला. एका झोपडीशी थांबून त्यानं ‘मिनो’ मागितलं, म्हणजे गवताचं इरलं. आतून एक मुलगी आली. काही न बोलता तिनं यामाबुकीची फुललेली फांदी पुढे केली. दोकान चिडला. मी मागतोय काय, आणि ही देतेय काय! भिजत घरी गेला. तिथं कोणीतरी त्याला जुनी कविता ऐकवली :

नानाए याए
हाना वा साकेदोमो
यामाबुकी नो
मिनो हितोत्सु दानी
नाकी झो कानाशिकी

सात पदरांची, आठ पदरांची फुलं येतात, पण यामाबुकीला फळ एकही नाही, वाईट वाटतं. ‘मि नो’ म्हणजे फळाचं. ‘मिनो’ म्हणजे इरलं. घरात एकही इरलं नाही हे त्या मुलीला तोंडानं सांगावंसं वाटलं नाही. दोकानला आपल्या अडाणीपणाची लाज वाटली आणि तो कवितेकडे वळला.

शाळेत श्लेष शिकवताना ‘शंकरास पूजिले सुमनाने’ घोकलं होतं. तिथंही फूलच. पण इथं श्लेष तोंडातून निघालेलाच नाही, तो फांदीनं केला आहे.

कविता राजपुत्र कानेआकिराची, दहाव्या शतकातली, म्हणजे दोकानच्या पाचशे वर्षं आधीची. तिच्या मूळ टिपणातही हेच आहे : पाऊस, इरलं मागायला आलेला माणूस, आणि हाती दिलेली फांदी. मूळ पाठात शेवटी ‘आयाशिकी’ आहे, नवल वाटतं अशा अर्थाचं. पुढे गोष्टीत त्याचं ‘कानाशिकी’ झालं. राजपुत्राच्या घरी इरलं नसण्याचं नवल. गरिबाच्या घरी नसण्याचं दुःख. तो एक शब्द कुणी बदलला असेल, त्याला फार कळत होतं.

ओमोदाका, तू पुढच्या वेळी.

७ मे

आराखडा. दोकान दाखवायचा नाही, मुलगीही नाही. जपानी सजावटीत याला ‘रुसु-मोयो’ म्हणतात. रुसु म्हणजे घरी नसणं. माणसं काढून घ्यायची आणि त्यांच्या वस्तू, झाडं, पाणी तेवढं ठेवायचं. आठ फळ्यांचा वाकडा पूल आणि आयरिसची फुलं दिसली की बघणाऱ्याला जुना कवी नारीहिरा आठवतो. मिकावा प्रांतात तो पुलाशी थांबला होता आणि काकित्सुबाता या फुलाची पाच अक्षरं ओळींच्या सुरुवातीला गुंफून त्यानं घरची आठवण सांगितली होती. त्याचं चित्र काढायची गरजच राहत नाही.

माझं पहिलं चित्र : वर उजवीकडे इरलं, डावीकडे फांदी, पाच पाकळ्यांची तीन फुलं, तिरका पाऊस. इरलं शिबुइचीचं, म्हणजे तीन भाग तांबं आणि एक भाग चांदी. फुलं पितळेची. तळ तांब्याचा. उंची ७६ मिलिमीटर, रुंदी ७२, जाडी ४.

११ मे

तांबट आळीत गेले. तिथले काका मठारकामासाठी पातळ पत्रा वापरतात, चार मिलिमीटर ऐकून थबकले.

“ताई, एवढ्या जाडीचं काय करणार? घंघाळाचा बूड?”

वहीतलं चित्र दाखवलं. बराच वेळ बघून मागच्या खणातून एक जुना जाड तुकडा काढला, वजन केलं आणि पैसे घेताना म्हणाले, “झालं की आणून दाखवा. नुसतं फोनवर नको.”

१६ मे

कापणं, कानस. पात्याचं भोक, मग बाजूची दोन. समोरून पाहताना डावीकडचं अर्धचंद्री, लहान सुरीसाठी. उजवीकडचं तीन लाटांच्या कडेचं, केसांत खोचायच्या काडीसाठी. तलवार नसलेल्या त्सुबेला ही भोकं हवीत का, यावर रात्रभर विचार केला. हवीत. ती असतात म्हणून चित्राला वळसा घालावा लागतो, आणि फांदीला वळण तिथंच मिळतं.

१७ मे

कानस.

२२ मे

शिबुइची ओतलं. १२ ग्रॅम तांबं, ४ ग्रॅम चांदी, मुशीत, वर टाकणखार. जपानी कारागीर गरम पाण्यात ताणलेल्या कापडावर ओततात, त्यामुळे गुठळी हळू आणि शांत थिजते. मी लोखंडी साच्यात ओतलं. ठोकताना कडेला चीर गेली. पुन्हा वितळवलं, या वेळी तापवून मऊ करण्यात घाई केली नाही, दर चार-पाच ठोक्यांनी थांबले. पत्रा निघाला, एक मिलिमीटरचा. आत्ता तो फिकट, तांबूस, काहीच न सांगणारा दिसतोय. करडा रंग उकळल्यावर येईल.

२८ मे

चित्र सेन्सेईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि दोनच प्रश्न विचारले.

“फूल एकेरी का?”

आणि मग, “अगं, इरलं आहे तर मग ती फांदी कशाला देईल?”

मी काही बोलू शकले नाही.

आधी फुलाचं. यामाबुकी दोन तऱ्हांची. पाच पाकळ्यांची एकेरी, तिला बारीक फळं धरतात. दुहेरी, गच्च पाकळ्यांची, ती वांझ. कविता ‘सात पदर, आठ पदर’ म्हणते ती दुहेरीला. मी एकेरी काढून कवितेतला ‘फळ नाही’ हा आधारच काढून टाकला होता. एकेरी काढली कारण ती कोरायला सोपी, आणि छायाचित्रात तीच पहिली समोर आली. झाडाची जात चुकली असती तर चाललं असतं, इथं वाक्य चुकलं.

इरल्याचं त्याहून वाईट. संपूर्ण गोष्ट इरलं नसण्याची, आणि मी ते सगळ्यात ठळक जागी, चांदी घालून, बसवलं होतं. रुसु-मोयोबद्दल पानभर लिहिलं होतं तरी. माणसं काढली की काम झालं, असं मानून बसले होते. या चित्रात जे नाही ते इरलंच आहे.

रात्री जुनी पानं काढून पाहिली. सिंहाशिवाय पिओनी, नारीहिराशिवाय पूल. कारागीर काय कोरत होते त्याबरोबर काय सोडत होते, हे आता प्रत्येक चित्रात शोधतेय.

२ जून

नवा आराखडा. इरलं गेलं.

पहिल्यांदा वाटलं, फांदी पंख्यावर ठेवावी. काही चित्रांत ती मुलगी तशीच पुढे करते. पण नुसतं फूल पंख्यावर दिसलं की जपानी वाचकाला ‘गेंजीची कथा’ या जुन्या कादंबरीतली युगाओ आठवणार, सुगंधी पंख्यावर पाठवलेलं ते पांढरं फूल. दोन गोष्टी एकमेकींत मिसळतील. पंखा रद्द.

मग वर, पात्याच्या भोकाच्या डोक्यावर, झोपडीच्या छपराची कड. गवताची, शिबुइचीची. तयार पत्रा वाया गेला नाही. गवत घरावर आहे, अंगावर घ्यायला नाही. फांदी डावीकडून खाली वळत जाणारी, त्यावर एक पूर्ण फूल, एक बाजूनं दिसणारं, एक कळी. मागच्या बाजूला पाऊस तसाच पुढे चालू आणि खाली ससाण्याचं एक पीस. दोकान तेवढाच. समोरच्या बाजूला घर, मागच्या बाजूला तो.

तळावर ‘नानाको’ करायचं मनात होतं, माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल ठसे, ओळीत, एकसारखे. तलवारीचा साज घडवणाऱ्या गोतो घराण्याच्या कामात ते अप्रतिम असतं. पण पावसाच्या रेषांखाली ते गोंधळ करेल. तळ साधा.

९ जून

छपराची कड बसवली. तांब्यात खाच, खाचेच्या भिंती आतून किंचित कापलेल्या, म्हणजे तळाशी रुंद. शिबुइचीचा तुकडा आत बसवून कडेनं ठोकत गेलं की तांबं त्याच्यावर येऊन त्याला धरतं. डाख नाही, गोंद नाही. हिरा-झोगान म्हणतात याला. चार तास लागले आणि एक कोपरा अजून हलतो.

पाऊस सुरू झालाय. पत्र्यावर वाजतोय तोवर गवताच्या काड्या कोरल्या.

१७ जून

पितळेच्या फुलाची चाचणी वेगळ्या तुकड्यावर. बसलं छान. मग तो तुकडा रंगाच्या पाण्यात उकळला आणि पितळ मंद झालं, पिवळसर तपकिरी, मळकट. तांब्याशेजारी उठेनासंच झालं. ज्या पाण्यानं तांबं, शिबुइची, शाकुदो यांना रंग येतो तेच पितळेलाही धरतं. सोन्याला मात्र धरत नाही. म्हणून जुने कारागीर फुलाला सोनं वापरत. ती श्रीमंतीची हौस असेल असं मी समजत होते, रसायनाचंही कारण आहे.

आणि यामाबुकीला तर सोन्याशिवाय पर्यायच नाही. जपानीत सोनपिवळ्या रंगाचं नावच ‘यामाबुकी-इरो’. एदो काळात सोन्याच्या कोबान नाण्यालाही बोलीत यामाबुकी म्हणत.

आईला विचारलं. तिच्या मोडक्या वेढणीचा तुकडा डब्यात होता. “फुलालाच लागणार ना?” एवढंच विचारलं तिनं.

२४ जून

वेढणी शुद्ध करून आणली. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा केला. तीन तुकडे मिळून दीड ग्रॅमच्या आत.

पूर्ण फूल सात मिलिमीटरचं. त्यात गच्च पाकळ्या कशा दाखवायच्या? पाकळ्या मोजून कोरायला गेले तर कोबीसारखं दिसलं (शिशाच्या तुकड्यावर, सोन्यावर नाही). दुसऱ्यांदा बाहेरच्या पाकळ्यांच्या फक्त कडा, आत पाच-सहा अर्धवट वळणं, मधे काहीच नाही. दुहेरी यामाबुकीचे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात, मधे केसर दिसत नाहीत. म्हणजे मधे काहीच नसणं हे वनस्पतिशास्त्रालाही धरून आहे.

तिसरा शिशाचा तुकडा बरा. उद्या सोनं.

२५ जून

बसलं. हात थरथरत होता म्हणून दुपारी काम थांबवलं, कळी उद्या.

५ जुलै

दहा दिवस पानांवर. यामाबुकीचं पान लांबट, टोकदार, कडेला दुहेरी दाते, शिरा खोल. दाते सगळे काढले तर काताकिरीचा जीव जातो, कारण हे तंत्र एका दमाचं आहे. छिन्नी मधे उचलली की जोड दिसतो. राळेच्या ठोकळ्यावर त्सुबा बसवून सरावाच्या पत्र्यावर साठ-सत्तर पानं कोरली असतील. त्सुबेवर फक्त सात.

चौथं पान सगळ्यात चांगलं आलंय. पहिलं सगळ्यात वाईट, आणि ते नेमकं फुलाखाली आहे. तसंच राहणार, तांब्यात खोडरबर नाही.

पावसाच्या रेषा केसाएवढ्या बारीक, ३१ समोर, २४ मागे. सगळ्या समांतर काढल्या असत्या तर जाळी दिसली असती. दोन-तीन जागी कोन किंचित बदलला, वाऱ्याचा झोत आल्यासारखा. पीस शेवटी, एका बैठकीत.

११ जुलै

उकळणं, पहिला प्रयत्न. जंगाल आणि मोरचूद, शुद्ध पाण्यात, लिटरला थोडेच ग्रॅम, तांब्याच्या भांड्यात. जपानी कारागीर यासाठी रोकुशो नावाचं खास जंगाल वापरतात. बुडवण्यापूर्वी मुळ्याचा कीस चोळायचा. कीस ओला असतानाच पाण्यात सोडायचं, हवेनं डाग धरू नयेत म्हणून. मंडईतला पांढरा मुळा आणला.

वीस मिनिटांनी काढलं तर उजव्या कडेवर बोटाचा ठसा. स्पष्ट, रेषांसकट. मुळा चोळण्याआधी कधीतरी उघड्या हाताचं बोट लागलं असणार.

सगळा रंग कोळशानं घासून उतरवला. संध्याकाळ गेली. पावसाच्या चार रेषा उथळ झाल्या, त्या पुन्हा ओढायच्या.

१५ जुलै

दुसरा प्रयत्न. हातमोजे, नवा मुळा, तांब्याच्या तारेवर टांगून सतत हलवत राहिले. पाचव्या मिनिटाला तांबं गुलाबी, मग नारिंगी, मग मातीचं. पंचेचाळीस मिनिटांनी बाहेर काढलं, पाण्यात बुडवलं, टिपलं.

तळ तांबूस तपकिरी, पाऊस पडलेल्या अंगणासारखा. छपराची कड करडी, आत चांदीचे बारीक कण, गवत भिजून जुनं झाल्यासारखं. आणि सोनं जसं होतं तसं. सबंध चकतीत कोरडी अशी ती तीनच ठिकाणं.

हलणारा कोपरा आता हलत नाही. पहिलं पान अजून वाईट आहे. वजन १३८ ग्रॅम.

१९ जुलै

तांबट आळी. काकांनी हात पुसले, त्सुबा घेतली आणि आधी उलटी केली. मागच्या पिसावरून नख फिरवलं. मग सरळ केली, दाराशी उजेडात नेली.

“पाऊस आहे.”

“हो.”

“घर आहे. फूल आहे.” पुन्हा उलटी केली. “आणि कोणीतरी बाहेरच राहिलंय.”

मी गोष्ट सांगितली नव्हती. मग सांगितली, मिनोसकट. त्यांनी मान हलवली, त्यांच्या आजोळी कोकणात इरली असायची म्हणाले, बांबूची कामटी आणि पानं घालून केलेली. फुलाचं मराठी नाव विचारलं. नाही, म्हटलं. यामाबुकीच म्हणायचं.

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, बरोबर येईपर्यंत. मग त्सुबा फडक्यात गुंडाळून परत दिली आणि छपराची कड आतून कशी धरली आहे ते विचारलं. बुधवारी खाच कापून दाखवायला जायचंय.